मैदानावरची दहावी

"खो!" आवाज घुमतो आणि पाचव्या पाटीवरची मुलगी उठते ती डावीकडे वळूनच. पळणारी तिच्या हाताला लागता लागता निसटते.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावातल्या शाळेचं हे मैदान. नोव्हेंबर अर्धा सरलाय. सकाळचे साडेसहा वाजलेत. रात्री मातीवर पाणी मारलंय, त्यामुळे धूळ उडत नाही, पण अनवाणी पावलांना गारठा झोंबतोय. फक्कीच्या रेघा ताज्या आहेत. दोन खांबांच्या मधल्या पट्टीत आठ जणी आलटून-पालटून तोंडं करून बसल्या आहेत. नववी पाठलागावर आहे आणि समोर तिघींची तुकडी पळतीला.

"हात लागला, आवाज मागनं आला. फाऊल!" क्रीडाशिक्षकांची शिट्टी वाजते. "दोन्ही एकदमच पाहिजे. परत घ्या."

खो-खो बाहेरून नुसता पळण्याचा खेळ वाटतो. जवळ बसून पाहिलं की त्यातली अडचण कळते. पळणारीला सगळं मैदान मोकळं असतं. बसलेल्या दोघींच्या मधून ती हवी तशी वळते, हवी तेव्हा उलट फिरते. पाठलाग करणारीला मात्र मधली पट्टी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. म्हणजे नुसत्या वेगावर गडी बाद होत नाही. आपल्याच्याने होत नाही हे वेळेत ओळखून, योग्य जागी बसलेल्या सोबतिणीला खो द्यावा लागतो. हा निर्णय ऐन धावण्यात घ्यायचा असतो, आणि तो या मुली नऊ मिनिटांच्या एका डावात कित्येकदा घेतात.

संघात बारा जणी आहेत. त्यातल्या पाच दहावीत. त्या पाचांतली सगळ्यात उंच मुलगी आता पाठलागावर येते. पळणारी खांबाला वळसा घालायच्या बेतात असताना ही एका हाताने खांब धरते, अंग आडवं झोकून देते आणि मोकळ्या हाताची बोटं पळणारीच्या पाठीला लागतात. गडी बाद. ती उठते तेव्हा उजव्या कोपराची साल निघालेली असते, रक्त आणि माती एक झालेली. नळाखाली हात धरते, दोन वेळा झटकते आणि जागेवर येऊन बसते. कुणी विचारत नाही, तीही सांगत नाही. पुढच्या आठवड्यात विभागीय स्पर्धा आहे. लातूर आणि नांदेडचे संघ समोर असणार, आणि तिथं जिंकलं की राज्याचं दार उघडतं.

पावणेआठला सर शिट्टी वाजवतात.

"सर, एकच डाव! एकच!"

"नाही. बाई आल्यात."

या दोन शब्दांवर बारा जणी मैदान सोडतात. खेळ रंगात आलेला असताना, स्पर्धा तोंडावर असताना, स्वतः घडवलेल्या संघाला वेळेवर थांबवणं प्रशिक्षकाला सोपं नसतं. हे सर ते रोज करतात. आज दिवसभरात मी इथं जे पाहते आहे, त्याचा पाया या शिट्टीत आहे.

शाळेच्या व्हरांड्यात गणिताच्या बाईंनी फळा भिंतीला टेकवून ठेवलाय. मुली हातपाय धुऊन येतात. एका पातेल्यात भिजवलेले हरभरे, शेजारी शेंगदाणे आणि गुळाचे खडे. ज्याची त्याची मूठ भरून होते आणि दहावीच्या पाच जणी सतरंजीवर बसतात. बाकीच्या धाकट्या जणी पलीकडच्या वर्गात आपापला अभ्यास काढतात. आज वर्गसमीकरणं.

बाई फळ्यावर लिहितात: 2x² − 7x + 6 = 0. सूत्राने सोडवायचंय.

उंच मुलीचं कोपर अजून ओलं आहे. वहीला डाग लागू नये म्हणून ती हात थोडा उचलून धरते आणि तसंच लिहिते. b² − 4ac काढते: 49 वजा 48, म्हणजे 1. इथपर्यंत बरोबर. मग सूत्रात किंमत घालताना वजा सात लिहिते. बाई तिच्या मागे येऊन वाकतात.

"b किती गं?"

"वजा सात."

"मग वजा b?"

ती थांबते. पेन्सिल ओठाला लावते. "अधिक सात." खोडते, पुन्हा मांडते. सात अधिक एक, भागिले चार. सात वजा एक, भागिले चार. उत्तरं येतात दोन आणि तीन छेद दोन. बाई पुढच्या मुलीकडे सरकतात, पण जाता जाता म्हणतात, "आता दोन्ही उत्तरं समीकरणात घालून ताळा कर. मी सांगतेय म्हणून बरोबर धरू नकोस."

सव्वानऊपर्यंत हा वर्ग चालतो. त्याची वेगळी फी नाही. बाई जवळच राहतात, घरचा स्वयंपाक उरकून येतात. सहामाहीचे पेपर तपासताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी हा तास सुरू केला. ती गोष्ट कोणती, हे मला संध्याकाळी कळणार आहे.

क्रीडासाहित्याच्या खोलीत भिंतीवर एक मोठा कार्डशीट लावलाय. वरती बारा महिने, त्याखाली दोन रंगांच्या पट्ट्या. लाल रंगात स्पर्धा: पावसाळ्यात तालुका, मग जिल्हा, दिवाळीच्या आगेमागे विभाग, त्यापुढे राज्य, आणि निवड झालीच तर राष्ट्रीय. निळ्या रंगात परीक्षा: घटक चाचणी, सहामाही, जानेवारीत पूर्वपरीक्षा, मग तोंडी आणि प्रात्यक्षिक, शेवटी बोर्डाची लेखी. दोन्ही पट्ट्या एकाखाली एक पाहिल्या की दहावीतल्या खेळाडूची कोंडी एका नजरेत दिसते. लाल पट्टी जिथं गडद होत जाते, तिथंच निळीही गडद होते. त्यात बोर्डाची परीक्षाही अलीकडे आली. 2024 मध्ये दहावीचा पहिला पेपर 1 मार्चला होता, 2025 मध्ये तो 21 फेब्रुवारीला झाला. इतरांना तो आठवडा इकडचा तिकडे वाटेल. डिसेंबरपर्यंत मैदानावर असलेल्या मुलीचं त्या आठवड्यावाचून अडतं.

या जिल्ह्यात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. शेजारी लातूर आहे. 'लातूर पॅटर्न' हा शब्द इथल्या घराघरात रुळलाय. बोर्डातले गुण, मग मेडिकलची तयारी, मग डॉक्टर, ही वाट इथल्या आईबापांनी डोळ्यांनी पाहिली आहे. गावातला कुणीतरी त्या वाटेने गेलेला असतोच. आणि याच मातीत दुसरी वाटही आहे. सारिका काळे याच जिल्ह्याच्या. 2016 च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय महिला संघाने सुवर्णपदक जिंकलं तेव्हा त्या कर्णधार होत्या. 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं. त्या संध्याकाळी शाळेत टीव्ही लावला होता, असं इथल्या संघाची कर्णधार मुलगी मला सांगते. सांगताना तिचा आवाज चढतो.

तिला मी तिचा दिवस विचारते. पावणेपाचला उठायचं. वस्तीवरून फाट्यापर्यंत चालत, मग पहिली एसटी. मुलींना पास मोफत आहे, म्हणून येणं जमतं. संध्याकाळी घरी पोचायला सात. भाकरी थापायला आईला मदत, जेवण, अभ्यास. झोपायला अकरा. म्हणजे झोप पावणेसहा तास. या वयाला रोज आठ ते दहा तास झोप लागते, असं झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. मी हे बोलून दाखवते तेव्हा सर मान हलवतात.

"गेल्या वर्षापर्यंत सहाही दिवस दोन्ही वेळा सराव होता. पोरी दमलेल्या असायच्या, मला वाटायचं कसरत कमी पडतेय. यंदा लांबनं येणाऱ्यांना सकाळचा सराव तीनच दिवस ठेवला. उरलेले तीन दिवस झोपू दे. पळती उलट सुधारली."

शाळा भरते. दहावीचा वर्ग, विज्ञानाचा तास, भिंगं चालू आहेत. बाई एक बहिर्गोल भिंग खिडकीकडे धरतात आणि मागच्या कागदावर बाहेरच्या लिंबाचं उलटं झाड उमटतं. मुलं पुढे सरकतात. खेळाडू पाच जणी एकत्र बसलेल्या नाहीत. प्रत्येकीच्या शेजारी न खेळणारी एक मुलगी आहे आणि ती योगायोगाने बसलेली नाही. संघ बाहेरगावी गेला की या जोडीदारणीने तिच्यासाठी वेगळी वही ठेवायची, असा वर्गाचा नेम आहे. मी एक वही उघडून पाहते. तारीख, तास, धड्याचं नाव, फळ्यावरच्या आकृत्या, आणि समासात लाल पेनाने: "हे बाईंनी दोनदा सांगितलं", "हे मला पण कळलं नाही, आल्यावर दोघी विचारू." वही लिहिणारी मुलगी कधी मैदानावर उतरलेली नाही. पण जिल्ह्याचा करंडक आला तेव्हा सरांनी तो आधी तिच्या हातात दिला, हे ती लाजत सांगते.

वहीने सगळं भागत नाही, हे दुपारी ज्युनियर कॉलेजच्या प्रयोगशाळेत दिसतं. बारावी सायन्सची एक मुलगी एकोणीस वर्षांखालच्या संघात आहे. स्पर्धेमुळे तिचे रसायनशास्त्राचे प्रयोग राहिलेत. जर्नल मैत्रिणीचं पाहून उतरवता येईल, पण हात कसा तयार होणार? रसायनशास्त्राचे सर तिच्यासाठी प्रयोगशाळा उघडी ठेवून बसलेत. ब्युरेटमध्ये पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं द्रावण. एका हाताने तोटी, दुसऱ्या हाताने फ्लास्क गोल गोल फिरवत ती थेंब सोडते. रंग येतो, विरतो. येतो, विरतो. मग एका थेंबाला फिकट गुलाबी छटा येते आणि टिकते. पण आकडा वाचेपर्यंत तोटी किंचित उघडी राहते आणि द्रावण गडद होऊन जातं.

"गेलं," ती म्हणते.

"जाऊ दे. पुन्हा घे. शेवटी थेंब थेंबच सोडायचा," सर म्हणतात आणि खुर्चीत बसून राहतात.

तिसऱ्या खेपेला तिचे दोन आकडे जुळतात. ती जर्नलमध्ये लिहिते, सर सही करतात. दहावीनंतर तिच्या बरोबरीच्या हुशार मुली लातूरला गेल्या. ही इथं राहिली, कारण संघ इथं होता. तिचा निर्णय शहाणपणाचा ठरणार की नाही, हे तिच्या एकटीच्या जिद्दीवर ठरणार नाही. दुपारी तीन वाजता ही प्रयोगशाळा उघडी मिळते की नाही, यावरही ते ठरणार आहे.

पाच वाजता पुन्हा मैदान. उन्हं कलली आहेत, सहाला अंधारून येतं, म्हणून सराव तासाभराचाच. सिंगल चेनचा सराव चालू आहे. तिघी एकामागोमाग बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळतात. कुणीतरी हुलकावणी देते, पाठलाग करणारी फसते, हशा पिकतो.

फाटकातून एक गृहस्थ मोटरसायकल ढकलत आत येतात. डोक्याला रुमाल गुंडाळलेला, पँटच्या घोट्याशी सोयाबीनच्या मळणीचा भुसा. उंच मुलगी त्यांना पाहते आणि तिचा खो चुकतो.

"रामराम सर."

"या आप्पा, बसा."

आप्पा बसत नाहीत. "सर, मी खेळाच्या आड येणारा माणूस न्हाई. पोरगी जिल्ह्याला पहिली आली तवा गावात पेढे मीच वाटले. पण सहामाहीला गणितात बत्तीस पडलेत. ऐंशीपैकी. दहावीचं वर्ष हाय. आता फेब्रुवारीपर्यंत तिचं ग्राउंड बंद करा. परीक्षा झाली की मग खेळू द्या की."

सर लगेच काही बोलत नाहीत. या बापाच्या बोलण्यात आडमुठेपणा नाही, काळजी आहे, आणि ती रास्त आहे. पण परीक्षेनंतर खेळू, असं ठरवून दहावीत थांबलेल्या किती मुली मैदानावर परत येतात? दहावीमागून बारावी येते, बारावीमागून लग्नाची बोलणी येतात. मुलीचा खेळ एकदा सुटला की तो पुन्हा सुरू करून देणारं सहसा कुणी नसतं. सरांना हे ठाऊक आहे, म्हणूनच ते वाद घालत नाहीत. एका मुलाला पाठवून गणिताच्या बाईंना बोलावून घेतात.

बाई येतात त्या मुलीचे दोन्ही पेपर घेऊन. ओट्यावर उघडतात.

"आप्पा, हे बघा. भूमिती: चाळीसपैकी चोवीस. बीजगणित: चाळीसपैकी आठ. पोरगी एकच, अभ्यास एकच, मग हा फरक कशानं?" त्या बीजगणिताच्या पेपरातली कोरी पानं उलटतात. "वर्गसमीकरणं: एकही उदाहरण नाही. अंकगणिती श्रेढी: एकही नाही. हे दोन्ही धडे मी शिकवले सप्टेंबरात. तेव्हा पोरी तालुक्याला आणि जिल्ह्याला होत्या. हजेरीपट ताडून पाहिला मी. पाचही जणींचं तेवढंच कोरं आहे. तिला येत नाही असं नाही, आप्पा. तिला ते शिकवलंच गेलेलं नाही. आणि शिकवायचं काम आमचं होतं."

आप्पा पेपर हातात घेतात. आकडे वाचतात, पानं पुन्हा उलटतात.

"ग्राउंड बंद केलं तर रोजचे दोन तास हाताशी येतील," बाई म्हणतात, "पण घरी त्या दोन तासांत श्रेढी तिला शिकवणार कोण? म्हणून सकाळचा वर्ग काढलाय. आता रविवारीही घेणार आहे."

'शिकवायचं काम आमचं होतं.' सकाळपासून मी बाईंच्या या एका वाक्याच्या शोधात होते. मुलगी खेळ आणि अभ्यास यांचा मेळ कसा घालते, असं आपण विचारतो. जमलं की तिचं कौतुक करतो, नाही जमलं की तिची शिस्त काढतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीकडे शिस्त असते. नसती तर ती पावणेपाचला उठली नसती, फुटलेलं कोपर उचलून धरून समीकरण सोडवत बसली नसती. तिच्या हातात नसतं ते वेळापत्रक. स्पर्धेची तारीख ती ठरवत नाही, धडा कधी शिकवायचा ते ती ठरवत नाही, एसटीची वेळ ती ठरवत नाही. या तिन्ही गोष्टी मोठी माणसं ठरवतात आणि एकमेकांना विचारत नाहीत. मग मधली दरी मुलीने झोप मोडून भरायची.

ती दरी भरायला फार पैसा लागतो असंही नाही. या शाळेत एक कार्डशीट आहे, एक सतरंजी आहे, पाच वह्या आहेत आणि एकमेकांशी बोलणारे तीन शिक्षक आहेत. प्रत्येक शाळेने जूनमध्येच खेळाचं आणि परीक्षेचं कॅलेंडर एकत्र बसून आखावं. संघ बाहेरगावी असेल त्या आठवड्यात काय शिकवलं जाईल आणि ते परत केव्हा शिकवलं जाईल, हे आधीच लिहून ठेवावं. खेळाडूंना बोर्डात सवलतीचे गुण मिळतात. ते मिळायलाच हवेत, कारण ती त्यांच्या कष्टाची नोंद आहे. पण न शिकवलेल्या धड्याची भरपाई गुणांनी होत नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, तिथंही पदाला लागणारी शैक्षणिक पात्रता असावीच लागते. श्रेढी आज ना उद्या तिला गाठावीच लागणार.

सर कागद-पेन घेतात आणि आप्पांच्या समोर ओट्यावरच मांडणी करतात. विभागीय स्पर्धा होईपर्यंत आहे तसंच. जिंकलो तर राज्य स्पर्धा होईपर्यंत सराव फक्त संध्याकाळी. हरलो तर आठवड्यातून तीन दिवस. जानेवारीत पूर्वपरीक्षेच्या काळात सराव बंद. त्यानंतर परीक्षा संपेपर्यंत अर्धा तास नुसतं पळणं, तेही ज्याला हवं त्याला. रविवारी सकाळी गणित.

"आणि मधे पुन्हा मार्क पडले तर?" आप्पा विचारतात.

"तर मीच तिला घरी बसवीन. पण आधी बाईंना विचारीन, की कोणता धडा राहिला."

आप्पा मैदानाकडे बघून लेकीला हाक मारतात. ती धावत येते, धापा टाकत उभी राहते. बापाचं लक्ष कोपराकडे जातं.

"हे काय झालं?"

"खांबावर. काही न्हाई, खरचटलंय." मग न विचारताच म्हणते, "आप्पा, वर्गसमीकरणाची सगळी उदाहरणं झाली. आज सूत्र पण जमलं. श्रेढी राहिलीय फक्त."

आप्पा कागदावरची मांडणी पुन्हा एकदा वाचतात, एकेका ओळीवर बोट ठेवत. मैदानावर कर्णधार ओरडते, "तुकडी अपुरी आहे, ये की लवकर!" लेक बापाकडे बघते. ते मानेनेच जा म्हणतात आणि ती पळते.

"रविवारी एसटीचा मेळ बसत न्हाई," आप्पा कागद सरांच्या हातात देत म्हणतात. "मी गाडीवर आणून सोडतो. ती कर्णधार पोरगी आमच्याच वाटेवरच्या वस्तीची ना? एक दिवस मी आणीन, एक दिवस तिच्या बापाला सांगतो. किती वाजता यायचं?"

"सव्वानवाला," बाई म्हणतात. "उशीर करू नका, सुरुवातीलाच श्रेढी घेणार आहे."